दहापैकी तीन

३ फेब्रुवारी, सोमवार

पित्ताशयात खडे! सोनोग्राफीवाल्याने पडद्यावर दाखवले. तीन मोठे, बाकी चुरा. मी चुरा मोजायला लागले तर त्याने यंत्रच बंद केलं.

म्हणजे तीन आठवडे मी ज्याला पित्त पित्त म्हणत होते ते खरंच पित्ताचं निघालं. आल्याचा रस झाला, थंड दूध झालं, दोन दिवस कडकडीत उपास झाला. खडे जागचे हलले नाहीत.

सहा महिने लेकीकडे राहायला म्हणून आले, तिसरा महिना चालू आहे आणि परक्या देशात हे उद्योग. जावई बोटीवर, तो एप्रिलपर्यंत येत नाही. लेकीला नवी नोकरी लागून दीडच महिना झालाय. अजून कायम केलेली नाही, त्यामुळे किती वाजता आली, किती वाजता उठली, सगळ्यावर साहेबांची नजर. आज माझ्यापायी अर्धा दिवस रजा काढली. गाडीत बसून तीन फोन केले, तिन्ही वेळा 'सॉरी' म्हणाली.

माझ्यासाठी हिची आणखी रजा जाता कामा नये. ठरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं राहिलेलं लिहिते, कारण लिहिण्यासारखं आहे.

इथल्या दवाखान्यात घरच्यांना दुभाषी होऊ देत नाहीत. लेक शेजारी बसलेली, तिला दोन्ही भाषा येतात, तरी नर्सने चाकांच्या खांबावर लावलेला फोन ओढत आणला. पलीकडून मराठी! 'नमस्कार. मी दुभाषी बोलते आहे. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी जसंच्या तसं सांगेन.' इतकं स्वच्छ मराठी ऐकून मी ताठ बसले.

जसंच्या तसं म्हणजे किती, ते लगेच कळलं. डॉक्टरीणबाई माझं पोट दाबून बघत होती. मी लेकीच्या कानाशी म्हटलं, 'पोरीच्या केसांना तेलाचा थेंब नाही बघ.' फोनमधून ते वाक्य इथल्या भाषेत गेलं! डॉक्टरीण थबकली. केसांवरून हात फिरवला आणि खो खो हसत सुटली. लेकीने कपाळाला हात लावला. मी मग हूं की चूं केलं नाही.

ऑपरेशन करावं लागणार. पण रांग आहे, ज्याला त्रास जास्त त्याचा नंबर आधी. म्हणून विचारलं, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. नर्सच्या हातात तक्ता, त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत तोंडं काढलेली.

आता मी चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. दहापैकी दहा मी येता-जाता वाटत नाही. लेकीच्या जन्मावेळी दोन दिवस अडले होते, त्याला आठ. दहा कशाला द्यायचे ते अजून माहीत नाही, पण कधीतरी लागतील म्हणून राखून ठेवायला नकोत? त्या मानाने हे पोटाचं — तीन. नर्सने लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, 'आई, शुक्रवारी तू अर्धा तास स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होतीस.'

मी म्हटलं, उठले ना नंतर?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज काही नाही. खिडकीत बसून जावयाच्या चार शर्टांची बटणं लावली.

८ फेब्रुवारी, शनिवार

जावयाचा फोन. पडद्यावर तो, त्याच्यामागे हलणारं पाणी. 'आई, कशा आहात?' म्हटलं, मस्त. तर लेक मागून ओरडली, 'विचार किती गुण दिलेत ते!' आणि मग तिची ती अर्ध्या गुणाची गोष्ट. लग्नाआधी त्याला सांगितली, लग्नानंतर सांगितली, आज पुन्हा.

लेक सातवीत माझ्याच वर्गात होती. वार्षिक परीक्षेत एका उत्तरापुढे 'चौरस सेंटिमीटर' लिहायला विसरली. मी अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणाने तिचा पहिला नंबर गेला. हेडसर स्वतः म्हणाले होते, 'बाई, अर्ध्याचा एक करा, कोण बघतंय?' मी केला नाही. स्वतःच्या मुलीचा तर नाहीच नाही. 'त्या दिवशी घरी येऊन हिने मला शिरा करून घातला,' लेक म्हणाली, 'पण गुण वाढवला नाही.' जावई हसून हसून पडद्याबाहेर गेला.

लेक हसण्यावारी नेते, पण वीस वर्षं झाली तरी विसरलेली नाही.

तेव्हाही ही रडली नव्हती, एवढं खरं. तशी पहिल्यापासून सोशीक. पाचवीत दोरीच्या उड्या मारताना पडली. 'थोडंसं दुखतंय' म्हणाली. दुसऱ्या दिवशी मनगट भोपळ्याएवढं! हाड मोडलं होतं. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. दहा जणींना सांगितलं.

तिचे बाबाही त्यातलेच. गेले त्या सकाळी 'जरा जळजळतंय' म्हणाले. एवढंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याचा फोन आला. दर मंगळवारी येणार म्हणे. आधी नर्स, मग आमची दुभाषी. आवाजावरून तीच. गेल्या आठवड्यात किती दुखलं?

रविवारी चार तास दुखलं होतं. लेक पलीकडच्या खोलीत ऑफिसचं काहीतरी करत होती. मी तोंडात टॉवेल धरून बसले. आणि तिची परवा गुरुवारी मोठी बैठक आहे. अख्ख्या कंपनीपुढे बोलायचंय. आठवडाभर आरशासमोर तयारी चाललीय.

म्हटलं, तीन.

नर्स म्हणाली, मग ठीक आहे, अजून सहा आठवडे थांबता येईल. मनात म्हटलं, जिंकले! तोवर लेकीची नोकरी रुळेल, जावयाची यायची वेळही होत आलेली असेल.

संध्याकाळी लेक कमरेवर हात ठेवून जिना चढत होती. म्हटलं काय गं? 'ऑफिसातली खुर्ची वाईट आहे.' उशी देते उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

ही वही आज हातात आली. लेकीने घरून आणली. मी दवाखान्यात, खाट क्रमांक सात, खिडकीशेजारी. पित्ताशय आता माझ्याकडे नाही!

गुरुवारचं लिहिते. सगळं लिहिते, कारण यात माझा मूर्खपणा आहे आणि तो आपल्याच हातचा आपल्यापुढे असलेला बरा.

लेक निळा कोट घालून आठला गेली. अकराच्या सुमारास कळ आली ती जाईना. हुडहुडी भरली. तोंड धुवायला गेले तर आरशात डोळे हळदीसारखे. ते पाहून मात्र घाबरले. पण लेकीची बैठक बारा वाजता. फोन केला असता तर सगळं टाकून आली असती. दवाखाना घरापासून दोन चौक, मध्ये एक सिग्नल. मोजे घातले, दवाखान्याचं पत्र घेतलं, आणि टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'जरा फिरून येते.'

ते दोन चौक चालायला किती वेळ लागला देव जाणे. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. एका दुकानाच्या पायरीवर टेकले, पुन्हा उठले. तातडीच्या खिडकीपाशी पोचले आणि नुसतं पत्र पुढे केलं. चाकांचा फोन आला. पलीकडून तोच आवाज — 'नमस्कार. मी दुभाषी बोलते आहे.' माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. रडूच यायचं, पण आवरलं.

नर्सने विचारलं, दहापैकी किती?

विचार केला. गेल्या वेळेपेक्षा जास्त आहे, प्रामाणिकपणे वाढवायला हवं. म्हटलं, 'चार.'

पलीकडून चार गेलं. नर्स लिहायला लागली. आणि दुभाषी मला मराठीत म्हणाली, 'बाई, मला माझ्या वतीने एक वाक्य यांना सांगायचंय. तुमच्यासमोर सांगते, म्हणजे तुमच्या पाठीमागे काही बोलले असं नको. मी यांना सांगणार आहे, की आमच्याकडच्या ज्या बायका चालत दवाखान्यात येऊन 'चार' म्हणतात, त्यांना आधी आडवं करा आणि मग आकडा विचारा. माझी आईही शिक्षिका होती. तुमची हरकत आहे का?'

मला हरकत घ्यायला सुचलंच नाही. तिने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. नर्सने पेन ठेवलं आणि माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. मग चाकांची खाट, सुई, दिवे, धावपळ.

लेक आली तेव्हा मला आत नेत होते. निळा कोट तसाच. हातात माझी चिठ्ठी, म्हणजे आधी घरी जाऊन आली होती. ती तिने माझ्यापुढे धरली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इथे मजा आहे, हे कबूल करते.

खाट बटणावर वर-खाली होते. पांघरूण गरम कपाटातून काढून आणतात, अगदी इस्त्री केल्यासारखं उबदार! येणारा प्रत्येक माणूस आधी स्वतः कोण ते सांगतो. फरशी पुसणारासुद्धा. पहिल्या दिवशी विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? चौतीस वर्षं जे ऐकलं तेच सांगितलं. आता खाटेच्या वर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि सकाळी चष्मेवाली नर्स येते ती 'बाऽऽई' म्हणत. चाल थोडी चुकते, पण वर्गात पाऊल टाकल्यासारखं वाटतं. एकदा सवयीने 'बसा खाली' म्हणणार होते.

शेजारच्या खाटेवर एक आजी आहेत. गुडघा बदललाय. त्यांना विचारलं किती, की दोन्ही पंजे वर. दहा! बिस्किट खाता खाता दहा! टीव्ही बघून हसता हसता दहा! पेपर न तपासताच गुणपत्रिका. मला राहवेना. हाताने विचारलं, अहो दहा कसे? तर त्यांनी सात बोटं दाखवली आणि मग घड्याळावर बोट फिरवून अर्धा तास. मग दहा बोटं दाखवली आणि चुटकी वाजवली.

म्हणजे सात म्हटलं तर गोळी अर्ध्या तासाने येते आणि दहा म्हटलं तर लगेच. हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सर्जन बसून बोलला. उभ्या उभ्या नाही, खुर्ची ओढून. फोनवर दुभाषी दुसरी होती, आमची नव्हती.

पित्ताशय आतून सडायला लागलं होतं म्हणाला. फुटायच्या बेतात. अजून एक दिवस गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. मग त्याने कागद काढला. तीन, तीन, चार. माझेच गुण, माझ्यापुढे धरलेले! मी त्या आधीच्या रविवारचे चार तास आणि तोंडातला टॉवेल सांगून टाकला, तर म्हणाला, तेव्हा खरं किती होतं?

लेक बसली होती. टॉवेलचं तिला आजच कळलं. मी खाली बघत म्हटलं, आठ.

मग चष्मेवाली माझा हात हातात घेऊन म्हणाली, ही परीक्षा नाही. यात कमी गुण घेतले म्हणून कुणी शहाणं ठरत नाही. तुम्हाला आत काय होतंय ते मला बाहेरून दिसत नाही, एवढंच त्या आकड्याचं काम. तुम्ही तीन सांगता, मी तिनाचं औषध देते.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला पुरता लागला. किती मुलींना मी फळ्यापाशी उभं करून म्हटलं असेल, उत्तर मनात असून उपयोग नाही, मांडून दाखव.

आणि रजा? साडेतीन दिवस गेली. वाचवायला गेले अर्धा दिवस! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लेकीला तसं म्हटलं तर म्हणाली, 'साहेबांना दवाखान्याचे कॉल दाखवले. ते म्हणाले, आधी जा, रजेचं मग बघू.' आणि बैठक? 'झाली. टाळ्या वाजल्या. खाली आले तर दवाखान्याचे चार मिस्ड कॉल.'

मग एकदम तिचा चेहरा बदलला. 'टाळ्या वाजत होत्या तेव्हा तू पायरीवर बसली होतीस, आई.'

तिला जवळ घेतलं. टाके दुखले. सांगितलंही, दुखतंय म्हणून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घरी! निघताना दहावाल्या आजींनी मला दोन्ही पंजे दाखवले. मला वाटलं पुन्हा दुखतंय. नाही, टाटा करत होत्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सचा फोन. किती? मन घट्ट करून म्हटलं — सहा! जीभ अडखळली, चोरी केल्यासारखं वाटलं. 'मग दोन गोळ्या घ्या आणि पडून राहा.' घेतल्या. अर्ध्या तासात तीन. खरंखुरं तीन. इतके दिवस मी तिनाला ओळखतच नव्हते. किती हलकं असतं!

२३ फेब्रुवारी, रविवार

घर शांत. लेकीने मऊ भात केला, मीठ विसरली. मी न बोलता खाल्ला. मग आठवलं आणि म्हटलं, मीठ नाही. ती हसली, 'सुधारतेयस.'

सुखात आहे मी. उगाच खोटं कशाला लिहू. परक्या गावात पोट फाडून घेतलं आणि वजा एक अवयव बसलेय, पण गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. लेक दिवसातून दोनदा विचारते, आई किती? मी खरा आकडा सांगते. आमच्या घरात आजवर इतकं खरं कुणी बोललं नसेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या दुखण्याच्या गोळ्या चार कमी आहेत. तीनदा मोजल्या. मोजणीत मी चुकत नाही.

लेकीला विचारलं. 'अगं डोकं दुखत होतं माझं.' बाटलीभर पाणी प्यायली उभ्या उभ्या. कमरेला दिलेली उशी ऑफिसात नेलीच नाहीये, कोचावर पडलीय.

म्हटलं, एकदा दाखवून येऊ या. 'आता तुझं होऊ दे आधी. रजा कुठे उरलीय?'

ओळखीचं वाक्य वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. दुपारचे बारा. लेक आत आहे. माझ्या मांडीवर तिची पर्स, तिचा निळा कोट.

माझे टाके दाखवायला आलो होतो. चष्मेवाली पट्टी काढत होती, तेवढ्यात लेकीने टेबलाची कड धरली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब, एक हात मागे कमरेवर. मी खाटेवरून उतरले, तिला माझ्या जागी निजवलं. चष्मेवालीने तोच तोंडांचा तक्ता तिच्यापुढे धरला आणि विचारलं, किती?

लेक माझ्याकडे बघून म्हणाली, तीन. इथले आकडे एव्हाना मला कळतात.

फोनची वाट पाहिली नाही. दोन्ही हात वर केले आणि आठ बोटं दाखवली. हललेही नाही.

चष्मेवालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग तीन खोडून आठ लिहिलं. लेक नाही म्हणाली नाही.